राखेखालची काच

बसा, लाईट येईपर्यंत बसा. अंधारात तुमचा प्रिंटर उघडून मला काय दिसणार? हा चार्जिंगचा दिवा तुमच्याकडे सरकवतो. नाही, त्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे नेऊ नका. तिथला लॅपटॉप बंद आहे, तो बंदच राहू द्या. हात लावू नका म्हणालो म्हणून रागावू नका. कारण सांगतो, वेळ आहेच आपल्याकडे.

गडचिरोलीत हे दुरुस्तीचं दुकान टाकल्यापासून लोक मला निकेशभाऊ कमी आणि सोवळेभाऊ जास्त म्हणतात. म्हणोत. तुम्ही कधी लोकांचे कीबोर्ड उलटे करून झटकलेत का? खर्रा चघळत त्याच बोटांनी टाईप करणारे आपल्याकडे कमी नाहीत. सुपारीचे तुकडे, तंबाखूचा चुरा, केस, नखं, डोक्यातला कोंडा, आणि ते सगळं थुंकीनं एकमेकांना चिकटलेलं. म्हणून माझ्या पिशवीत पेचकसाच्या आधी स्पिरिटची बाटली आणि पांढरा सुती कपडा जातो. मशीन आधी पुसायचं, मग उघडायचं, हा माझा नियम. बायको म्हणते, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं. मी म्हणतो, नको, त्यात माणसांना हात लावावा लागतो.

गेल्या हिवाळ्यात, धानाची मळणी चालू असताना, रंजीताबाईचा फोन आला. धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या एका गावात तिचा नवरा मिथुन ऑनलाइन सेंटर चालवायचा. सातबारा, दाखले, झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, असलं सगळं. गावाचं नाव मी सांगत नाही, त्या बाईला उगाच त्रास नको. त्याच्याकडचा स्कॅनर माझ्याच दुकानातून सेकंडहँड गेला होता. जुना, सपाट काचेचा, वरून झाकण असलेला. असल्या म्हाताऱ्या मशीनला नवं विंडोज ओळखतसुद्धा नाही. लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टीमवर मात्र थोडी खटपट केली की ती चालतात. खटपट ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणजे मशीन आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषी समजा. तो नसला तर मशीन टेबलावर असतं आणि कॉम्प्युटरच्या लेखी मात्र नसतं. मिथुनला ते सगळं मीच लावून दिलं होतं.

मिथुन वारल्याचं मला कळलं होतं. सेंटरमध्येच, बसल्या जागी झटका आला म्हणे. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं.

"भाऊ, त्यायचा स्कॅनर सुरू करून द्या न जी," रंजीताबाई फोनवर म्हणाली. "कॉम्प्युटर इथी नाई, दिरानं नेला. तुमचा घेऊन या."

"विकायचा आहे का स्कॅनर?"

"तुमी या तर खरं," ती म्हणाली. मग आवाज बारीक केला. "सोमवारच्या आत या."

मला वाटलं, गिऱ्हाईक मिळालं असेल, मशीन चालू स्थितीत दाखवायचं असेल. जेवून मोटारसायकल काढली. त्या रस्त्यानं दिवस मावळल्यावर कुणी एकटं येत नाही. वाघानं मागच्याच महिन्यात एका गुराख्याला उचललं होतं. उन्हं आहेत तोवर काम आटोपून परतायचं, असं ठरवूनच निघालो.

घर गावाच्या टोकाला होतं. पुढची खोली म्हणजे सेंटर. मिथुनची आई, ठमाबाई, उंबऱ्यात बसून दातांना तंबाखूचा गुडाखू घासत होती. काळपट लाळ हनुवटीवर आलेली, शेजारी थुंकायचा डबा, डब्यात राख. मी नमस्कार केला आणि डब्याकडे न बघता आत शिरलो. शिरलो आणि थबकलोच.

वास. शिळ्या चमेलीच्या तेलाचा, आणि त्याखाली नासलेल्या दुधाचा. खोली सारवलेली, खिडकी उघडी, तरी वास हलत नव्हता. तो टेबलावरच्या स्कॅनरभोवती बसून होता. स्कॅनरच्या झाकणावर एक विळा ठेवलेला आणि बाजूला तेलाची पणती. भिंतीवरून उतरलेली मुंग्यांची रांग टेबलावर येत होती, मशीनच्या अलीकडे थांबत होती आणि वळून परत जात होती. प्लास्टिकच्या कडांवर बोटांचे तेलकट डाग, डागांवर धूळ. पिशवीतून स्पिरिट आणि कपडा काढून मी झाकणाला हात घातला.

रंजीताबाईनं माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं.

"झाकन उघडू नका, भाऊ."

"काच पुसू कशी मग?"

"पुसाची नाई. आतमंधी जे हाये, ते तसंच राहू द्या. वरतून उघडाचं नाई, फक्त मशीननं पाहाचं."

मला राग आला. एवढ्या लांब बोलवायचं आणि घाणेरडं मशीन पुसूही द्यायचं नाही! पण बाई रडून रडून सुजलेली, तिच्याशी काय भांडणार. विळा तिनं स्वतः उचलून बाजूला ठेवला. मी माझा लॅपटॉप, हाच, त्या कोपऱ्यातला, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मांडला. केबल जोडली.

लॅपटॉपला केबलच्या पलीकडे काहीतरी आहे एवढं कळत होतं. पण स्कॅनर कुठं आहे विचारलं, की उत्तर यायचं, एकही नाही. हे नेहमीचंच. लिनक्समध्ये प्रत्येक जातीच्या स्कॅनरसाठी एक साधी मजकुराची फाईल असते. त्यात आपल्या मशीनची ओळ असते, आणि ओळीच्या सुरुवातीला एक खूण असली की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही. ती खूण काढली. मग या मॉडेलचा आणखी एक हट्ट. दर वेळी जागं होताना त्याला त्याची एक छोटीशी फाईल भरवावी लागते, नाहीतर ते नुसतं दिवा लावून बसतं. ती फाईल माझ्या पेनड्राइव्हवर होती. जागेवर ठेवली, तिचा पत्ता लिहिला, पुन्हा विचारलं. या वेळी स्कॅनरचं नाव आलं.

तेवढ्यात रंजीताबाईनं चहा आणून ठेवला. वर जाड साय, आणि सायीवर राखेचा एक कण. मी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

स्कॅन सुरू केला तर आतून कडकड कडकड असा आवाज. झाकणाच्या फटीतून पांढरी रेघ दिसली आणि एका जागी थरथरत राहिली. लगेच लक्षात आलं. या जुन्या स्कॅनरच्या पोटाखाली एक खिटी असते. मशीन हलवताना ती लावली की आतला दिव्याचा गाडा जागचा हलत नाही. कुणीतरी ती लावली होती.

"ही कुणी लावली? उलटं करावं लागेल मशीन."

"उलटं नोका करू!" ठमाबाई उंबऱ्यातून ओरडली. "सांडन ते!"

काय सांडेल, हे मला तेव्हाही कुणी सांगितलं नाही. मी मशीन अलगद टेबलाच्या कडेला सरकवलं आणि खालून हात घातला. खिटी चाचपडताना बोटं तळाला लागली. तळ कोमट होता. ते एक वेळ ठीक, मशीन चालू होतं. पण तो ओला होता, आणि घाम आलेल्या मानेला हात लागावा तसा चिकट. मी खिटी सरकवली आणि हात ओढून घेतला. बोटांना चमेलीचा वास. कपड्यावर स्पिरिट ओतून मी बोटं घासली, पुन्हा ओतलं, पुन्हा घासली. वास गेला नाही.

"आता चालेल," मी म्हणालो. "पण आत कागद कुठला आहे, ते तर सांगा."

रंजीताबाई सासूकडे बघायला लागली. ठमाबाईनं डब्यात थुंकून तोंड पुसलं आणि मान हलवली. मग रंजीताबाईनं सांगितलं.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. माणूस जिथं जीव सोडतो तिथं रात्री राख चाळून पसरतात, वर टोपली झाकतात, आणि उजाडताना घरातला कर्ता पुरुष टोपली उचलून बघतो. पाखराचं पाऊल दिसलं, वासराचा खूर दिसला, लेकराचा पाय दिसला, काहीही दिसलं की जीव मोकळा झाला, पुढच्या वाटेला लागला. काही उमटलं नाही तर तो घरातच अडकलाय.

मिथुननं जीव सोडला तो याच टेबलावर. कसलातरी कागद उचलला असेल, झाकण उघडं होतं, आणि तो पुढं कोसळला तो गालावर, काचेवर. सकाळी सापडला तेव्हा गाल काचेला चिकटला होता आणि ओठांतून लाळ वाहून सुकली होती. लोकांनी त्याला सोडवून घेतला, म्हणाली. सोडवून घेतला, हा तिचाच शब्द. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

"पोराचा जीव काचंवर गेला," ठमाबाई म्हणाली. "मंग राख जमिनीवर काऊन टाकाची? म्या काचंवरच चाळली. आन् झाकन लावून घेतलं. टोपलीची गरजच नोती."

म्हणजे टोपलीच्या जागी स्कॅनरचं झाकण. सकाळी दीर, गोपाल, झाकण उघडायला आला. बोटभर उचललं असेल त्यानं. लगेच सोडलं. खिटी त्यानंच लावली, विळाही त्यानंच आणून ठेवला. फक्त 'उघडू नका' म्हणाला, आणि त्याच दिवशी मिरची तोडायला तेलंगणात निघून गेला. फोन उचलत नव्हता. घरात दुसरा पुरुष नाही, आणि बायकांनी झाकण उचलायचं नाही, असं ठमाबाईचं म्हणणं.

"मले चंद्रपूरले दवाखान्यात काम लागलं, भाऊ," रंजीताबाई म्हणाली. "सोमवारी हजर व्हाचं हाये. नाई गेली तर दुसऱ्या बाईले घेतीन ते. पन आई म्हन्ते, तो गेला का नाई हे पायल्याबिगर उंबरा ओलांडाचा नाई. तो घरातच असन, तर त्याची बायको घर सोडून कशी जाईन?"

"खोटं काय बोलली म्या?" ठमाबाई म्हणाली.

"म्हनून म्हटलं, मशीन खालून पाह्यते न. झाकन न उघडता दिसन."

खरं सांगतो, मला हसू आलं. डोकं चांगलं चालवलं होतं बाईनं. स्कॅनर खालूनच बघतो, काचेवर पसरलेली राख त्याला खालच्या अंगानं दिसणार. राखेत खोल काही उमटलं असेल तर तेही दिसणार. मनात म्हटलं, उंदीर फिरला असेल, एखादी रेघ दिसेल, पाखराचं पाऊल म्हणून सांगू आणि सुटू. बाई कामाला लागेल, मी उजेडी घरी पोहोचेन. मी बटण दाबलं.

पांढरी रेघ झाकणाच्या कडेकडेनं सरकत गेली. लॅपटॉपवर वरून खाली चित्र उतरायला लागलं. राखाडी, सगळीकडे सारखं, नीट चाळलेलं. कुठं एक रेघ नाही. फक्त एका कोपऱ्यात गोलसर, तेलकट, पिवळट डाग. गालाचा असणार, मी मनात म्हणालो, आणि तोंडात पाणी सुटलं, ओकारी यायच्या आधी सुटतं तसं.

"काईच नाई?" ठमाबाई उठून मागं येऊन उभी राहिली होती. तिच्या तोंडाचा वास माझ्या कानाशी. "म्या सांगतलं न. तो इथीच हाये."

ते ती आनंदानं म्हणाली. रंजीताबाईनं खुर्चीची पाठ धरली होती, बोटं पांढरी पडलेली.

"थांबा," मी म्हणालो. "हे ढोबळ चित्र आहे. बारीक काढतो, कदाचित दिसेल." तिच्यासाठीच म्हणालो मी ते.

बारीक चित्र हळू निघतं. गाडा अगदी थांबत थांबत सरकतो. बाहेर उन्हं उतरली होती, खोलीत पणतीचा आणि त्या रेघेचाच उजेड. चित्र अर्ध्यावर आलं आणि मी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. तेलकट डाग कोपऱ्यात नव्हता. तो मधे आला होता. आणि त्याच्या बाजूला पाच ठसे. बोटांची टोकं, काचेला दाबून चपटी झालेली, रेषा न् रेषा दिसत होती. एका बोटाच्या टोकाला रेषा नव्हत्या, तिथं गुळगुळीत चट्टा.

"लॅमिनेशनच्या मशीनवर भाजलं होतं त्यायले..." रंजीताबाई कुजबुजली. "तेच बोट..."

"पायाचा नाई," ठमाबाई म्हणाली. "हाताचा हाये. हाताचा कसा काय..."

मला काय वाटलं म्हणून विचाराल तर भीती नव्हती अजून. किळस होती. आपल्या लॅपटॉपच्या पडद्यावर, एवढा स्वच्छ ठेवलेला पडदा, त्यावर त्या मेलेल्या माणसाची घामट बोटं. मला ते चित्र पुसून टाकायचं होतं. मी फाईल काढून टाकली. केबलकडे हात नेला.

तेवढ्यात गाडा आपणहून निघाला. मी काहीही दाबलं नव्हतं. जुन्या स्कॅनरला पुढे एक बटण असतं, ते चुकून दबलं असेल म्हणाल, तर आमच्यापैकी कुणीच त्या बाजूला नव्हतं. रेघ सरकत राहिली आणि चित्र खाली उतरत राहिलं. आधी कपाळ. मग चपटं झालेलं नाक, एका बाजूला वळलेलं. मग ओठ.

आता हे नीट ऐका, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे. स्कॅनर फोटोसारखं एका क्षणात चित्र काढत नाही. एकेक रेघ बघत खाली जातो. तेवढ्या वेळात काचेवरची वस्तू स्थिर असली तर चित्र नीट येतं. ती हलली तर चित्र ओढलं जातं, लांबतं. फोटो ठेवताना कुणाचा हात हलला की असं होतं, रोज बघतो मी.

कपाळ नीट आलं होतं. नाक नीट आलं होतं. तोंड मात्र ओढलं गेलं होतं, हनुवटीपर्यंत लांबच लांब. उघडं, मग मिटलेलं, मग पुन्हा उघडं, दातांवर राखाडी लाळेची तार. राखेतला ठसा असता तर तो हलला नसता. ते तोंड, गाडा त्याच्याखालून जात असताना... हलत होतं.

"बोलून राह्यला," ठमाबाई म्हणाली. "मायाशी बोलून राह्यला तो." आणि पुढं होऊन तिनं गुडाखूनं माखलेला हात झाकणावर फिरवायला सुरुवात केली, लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

रंजीताबाईनं तो हात बाजूला केला. आणि झाकण उघडलं.

राख तशीच होती. सपाट. चाळणीतून पडली तशी. वर ना बोट, ना गाल, ना मुंगीचा पाय. आम्ही तिघं वाकून बघत होतो. मग रंजीताबाईनं पदर हाताला गुंडाळला आणि सगळी राख एका फटक्यात जमिनीवर ओढली. खाली काच. काचेवर गालाचा तो तेलकट डाग, मधोमध.

माझा हात सवयीनं चालला. स्पिरिट टाकलं, कपडा घेतला, घासलं. डाग हलला नाही. जोरानं घासलं. कपडा पांढरा शुभ्र राहिला. मग मला कळलं.

"आतून आहे," मी म्हणालो.

काचेच्या खाली, जिथं दिव्याचा गाडा फिरतो, जिथं बोटसुद्धा शिरत नाही, तिथून तो डाग काचेला टेकलेला होता. आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याच्या शेजारी वाफेचा छोटा गोल उमटला. विरला. पुन्हा उमटला. आरशाजवळ तोंड नेलं की येतो तसा. माझ्या घशाशी आंबट आलं आणि या वेळी मला आवरलं नाही. मी खिडकीतून बाहेर ओकलो.

तोंड पुसून वळलो तर रंजीताबाई काचेशी वाकून बोलत होती. हळू, अगदी घरातल्या आवाजात. "मले जाऊ द्या न जी... तुमची बायको म्हनून किती दिस या काचेजवळ बसू?"

वाफ उमटली. विरली.

"भाऊ," ती माझ्याकडे वळली, "हे मशीन तुमच्या दुकानातलं होय. घेऊन जा."

"नाई!" ठमाबाई टेबलाला मिठी मारून बसली. "माया पोराले नेऊ देनार नाई!"

"मला नको ते मशीन!" मी ओरडलो. मला लाज वाटत नाही सांगायला. त्या वासाचं, त्या ओल्या तळाचं ओझं मागं बांधून मी अंधारातून जाणार नव्हतो. मी केबल उपटली, लॅपटॉप पिशवीत कोंबला. स्पिरिटची बाटली तिथंच राहिली.

केबल निघाली तसा स्कॅनरचा दिवा विझला. रंजीताबाई म्हणाली, "भाऊ... पाहा."

काच स्वच्छ होती. डाग नव्हता. वाफ नव्हती. मुंग्यांची रांग मशीनवर चढायला लागली होती, आणि खोलीत सारवल्याचा वास येत होता, नुसता शेणाचा. मी थांबलो नाही.

दोन दिवसांनी रंजीताबाईचा फोन आला. मागं बसचा आवाज होता.

"भाऊ, म्या पुन्हा राख चाळली काचंवर. सकाळी आईनंच झाकन उघडलं. पाऊल उमटलं होतं, एकच. दाराकडं तोंड. आई खूप रडली, पन मंग म्हने, जाय बाई आता." ती हसली. मिथुन गेल्यापासून पहिल्यांदा हसली असेल. "चंद्रपूरले चालली म्या. तुमचे उपकार हायेत जी." मग थोडं थांबून, आवाज बारीक करून, "भाऊ... तुमच्याकडं तर काई नाई न?"

मी तेव्हा इथंच, त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो होतो. ड्रायव्हर काढून टाकला होता. लिनक्स पुसून पुन्हा टाकलं होतं. समोर लॅपटॉपचा पडदा, आणि पडद्यावर मधोमध एक गोलसर, तेलकट डाग. सकाळपासून मी स्पिरिटनं घासत होतो. कपडा पांढराच राहत होता.

"नाही हो बाई," मी म्हणालो. "इथं काय असणार? तुम्ही जा खुशाल."

लॅपटॉप फेकून का देत नाही, विचाराल. फेकला आणि तो परत तिच्याकडे गेला तर? चांगली कामाला लागली आहे ती बाई. राहू दे इथंच. विळा ठेवलाय मी त्यावर, अंधारात तुम्हाला दिसला नसेल. वास येतोय न चमेलीचा? गिऱ्हाईक विचारतात, भाऊ तेल बदललं का. मला इथं बसून जेवण जात नाही, पण चालायचं.

फक्त एक गोष्ट मला अजून उलगडत नाही. कधी कधी बघावं म्हणून मी लॅपटॉपचं झाकण उघडतो. पडदा काळा असतो, त्यात मीच दिसतो. आणि वाफेचा तो गोल आता मधोमध येत नाही, माझ्या तोंडावरच येतो. मी उजवीकडे सरकलो की तोही सरकतो. माझ्याच श्वासाची वाफ असेल म्हणून मी श्वास रोखून बघितलं, पार छाती फुटेपर्यंत. वाफ येत राहते. आणि हल्ली पडद्यातले माझे ओठ हलतात.

आली बघा लाईट. द्या तो प्रिंटर इकडे. आधी पुसून घेतो.